गावाच्या रंगमंचावर घडलेला कादंबरीकार

१९७७च्या जुलै महिन्यात नैरोबीत एका इंग्रजी कादंबरीचा प्रकाशन समारंभ झाला. कादंबरीचं नाव ‘पेटल्स ऑफ ब्लड’. स्वातंत्र्यानंतर केनियात ज्यांच्या हाती सत्ता आली त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी कशा बळकावल्या, परदेशी भांडवलाशी कशी हातमिळवणी केली, हे तिच्यात आडपडदा न ठेवता लिहिलेलं होतं. तरीही त्याच सरकारचे अर्थमंत्री म्वाई किबाकी समारंभाला आले आणि त्यांच्याच हस्ते पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यानंतर सहा महिनेही गेले नाहीत. ३० आणि ३१ डिसेंबरच्या मधल्या रात्री सशस्त्र पोलीस लेखकाच्या घरात शिरले, त्यांनी पुस्तकांची कपाटं उपसली आणि लेखकाला घेऊन गेले. आरोपपत्र नाही, खटला नाही. पुढचं जवळजवळ वर्षभर कामितीच्या तुरुंगात हा माणूस ‘के ६,७७’ या क्रमांकाने ओळखला गेला.

या दोन घटनांच्या मधे त्याचं एक नाटक रंगमंचावर आलं होतं. ते त्याच्या आईच्या, म्हणजे गिकुयू भाषेत होतं. राजधानीतल्या नाट्यगृहाशी त्याचा संबंध नव्हता. त्याच्या गावच्या मोकळ्या मैदानात, गावच्याच शेतमजुरांनी आणि कामगारांनी ते उभं केलं होतं. मंत्र्यांच्या हातांत शोभून दिसलेली कादंबरी आणि तुरुंगात नेणारं नाटक यांत विचारांचा फरक जवळजवळ नाही. फरक होता तो ऐकणाऱ्यांचा.

न्गुगी वा थिओंगो यांची मराठी वाचकाला असलेली ओळख बहुधा एका वाक्याची असते : इंग्रजी सोडून मातृभाषेकडे वळलेला आफ्रिकन लेखक. ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ हे त्यांचं १९८६चं पुस्तक विद्यापीठांत अभ्यासाला असतं, निबंधांच्या तळटीपांत त्याचा उल्लेख असतो, आणि त्यामुळे न्गुगी म्हणजे आधी सिद्धान्त मांडणारे आणि मग त्यानुसार लिहिणारे लेखक असा समज पक्का झाला आहे. मला हा क्रम उलटा वाटतो. आधी नाटक आलं, नाटकामुळे भाषा आली, भाषेमुळे वेगळी कादंबरी आली, आणि सिद्धान्त त्या सगळ्यानंतर, परदेशात, मागे वळून पाहताना आला. त्यांच्या आयुष्याकडे या क्रमाने पाहिलं तर कादंबरीकार न्गुगी आणि नाटककार न्गुगी अशी दोन खाती उघडावी लागत नाहीत. ही प्रस्तावना लिहिण्यामागे तेवढंच एक म्हणणं आहे.

५ जानेवारी १९३८ रोजी लिमुरूजवळच्या कामिरीथू भागात त्यांचा जन्म झाला. नैरोबीपासून साधारण तीस किलोमीटरवरचा हा डोंगराळ, थंड प्रदेश. सुपीक जमीन गोऱ्या मळेवाल्यांकडे आणि तिचे मूळ मालक त्याच जमिनीवर मजूर, अशी वसाहतकालीन केनियाची व्यवस्था इथे डोळ्यांसमोर होती. चहाचे मळे होते, बाटाचा बुटांचा कारखाना होता, रेल्वेचं स्टेशन होतं आणि स्टेशनजवळ भारतीय दुकानदारांचा बाजार होता. वडील थिओंगो यांच्या चार बायका, मोठं कुटुंब. आई वांजिकू ही तिसरी. वडिलांनी रिवाजाप्रमाणे साक्षीदारांसमोर जमीन विकत घेतली होती. पुढे तीच जमीन मिशनच्या वर्तुळातल्या दुसऱ्या एकाने कागद करून घेतली आणि कोर्टात कागद जिंकला. तोंडच्या शब्दाला जमिनीची किंमत असलेल्या जगातून, कागदाशिवाय माणसाची शाश्वती नसलेल्या जगात हे घर असं ढकललं गेलं. न्गुगींच्या लेखनात जमीन इतक्या वेळा आणि इतक्या हट्टाने का येते, हे या एका हकिकतीवरून कळतं.

शाळेत जायची इच्छा आहे का, असं आईने एके दिवशी विचारलं आणि दुपारचं जेवण मिळेलच असं नाही हेही सांगून टाकलं. मुलाने कबूल केलं. ‘ड्रीम्स इन अ टाइम ऑफ वॉर’ या २०१०च्या आत्मकथनात हा प्रसंग आहे, आणि आईमुलामधला हा करार त्या पुस्तकाचा कणाच आहे. सुरुवातीची शाळा मिशनची, पुढची गिकुयूंनी स्वतः चालवलेली, शिक्षण दोन्हीकडे गिकुयूत. १९५२मध्ये आणीबाणी पुकारली गेली, स्वतंत्र शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि इंग्रजी आली. शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत, किंवा ‘मी गाढव आहे’ अशा अर्थाची पाटी गळ्यात अडकवली जाई. गुन्हेगार शोधायची पद्धत तर फार क्रूर होती. एका मुलाच्या हातात बिल्ला द्यायचा, मातृभाषा बोलणारा सापडला की त्याने तो त्याच्याकडे सरकवायचा, आणि संध्याकाळी ज्याच्याकडे बिल्ला त्याच्यापासून मागे माग काढत जायचं. एका भाषेसाठी मुलांना एकमेकांचे खबरे बनवलं जात होतं.

घरावर माऊ माऊ युद्धाचं, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या सशस्त्र बंडाचं, सावट होतं. सख्खा मोठा भाऊ जंगलात जाऊन बंडखोरांना मिळाला. त्यासाठी आईला पकडून छळलं गेलं. बहिरा असलेला एक सावत्र भाऊ सैनिकांनी ‘थांब’ म्हटलेलं ऐकू न आल्यामुळे गोळीला बळी पडला. १९५५मध्ये न्गुगींना अलायन्स या देशातल्या सर्वांत मानाच्या हायस्कुलात प्रवेश मिळाला. पहिल्या सत्रानंतर सुट्टीत घरी आले तर घर जागेवर नव्हतं. सबंध वस्ती जमीनदोस्त करून लोकांना पहाऱ्याखालच्या नव्या गावात कोंबलं होतं. बंडखोरांना रसद मिळू नये म्हणून ब्रिटिशांनी उभारलेल्या असंख्य ‘आणीबाणी गावां’पैकी ते एक. त्याचं नाव कामिरीथू. ही जागा लक्षात ठेवायला हवी, कारण बावीस वर्षांनी या कोंडवाड्यातूनच एक रंगमंच उभा राहणार होता.

कंपालातल्या मकेरेरे महाविद्यालयातली वर्षं चरित्रकारांनी पुष्कळ लिहिली आहेत, म्हणून मी भरभर पुढे जातो. १९६२च्या जूनमध्ये तिथे इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकन लेखकांची परिषद भरली. विद्यार्थी असलेल्या न्गुगींनी नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांच्या हाती एक हस्तलिखित दिलं. तेच ‘वीप नॉट, चाइल्ड’ (१९६४). पूर्व आफ्रिकेतल्या लेखकाची ही पहिली इंग्रजी कादंबरी मानली जाते. १९६६मध्ये डाकारच्या महोत्सवात तिला पुरस्कार मिळाला. ‘द रिव्हर बिट्वीन’ (१९६५) प्रत्यक्षात तिच्याही आधी लिहिली गेली होती. पण लोकांसमोर आलेलं त्यांचं पहिलं मोठं काम कादंबरी नव्हतंच. युगांडाच्या स्वातंत्र्याच्या निमित्ताने नोव्हेंबर १९६२मध्ये कंपालाच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झालेलं ‘द ब्लॅक हर्मिट’ हे नाटक ते काम होतं. त्या परिषदेबद्दल न्गुगींनी नंतर एक बोचरा प्रश्न विचारला. स्वाहिली भाषेचे श्रेष्ठ कवी शाबान रॉबर्ट तेव्हा हयात होते, तरी इंग्रजीत लिहीत नाहीत म्हणून त्यांना तिथे जागा नव्हती, आणि कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाला मात्र होती. हे कसं?

इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात त्यांनी ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ (१९६७) लिहिली. माझ्या मते इंग्रजीतली त्यांची सर्वोत्तम कादंबरी हीच. केनियाचं स्वातंत्र्य चार दिवसांवर आलं आहे. गावाने मुगो नावाच्या अबोल माणसाला वीर ठरवून टाकलं आहे, त्याने सोहळ्यात भाषण करावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. गावाचा लाडका बंडखोर किहिका याला पकडून देणारा माणूस आपणच आहोत, हे फक्त मुगोला माहीत आहे. स्वातंत्र्याच्या मंगल क्षणी न्गुगी जल्लोष लिहीत नाहीत. प्रत्येकाच्या मनातली फितुरी उलगडत नेतात, आणि कोणालाही सहज फाशी देत नाहीत. पुढे त्यांच्या लेखनात राजकीय निकाल जास्त ठाम होत गेले. मुगोइतका गुंतागुंतीचा माणूस त्यांच्याकडून पुन्हा क्वचितच लिहिला गेला.

लीड्समध्ये असतानाच त्यांनी इंग्रजीत लिहीत राहण्यात अर्थ आहे का, अशी शंका जाहीरपणे बोलून दाखवली होती. मी ज्यांच्याविषयी लिहितो ते माझं लेखन वाचू शकत नाहीत, ही ती शंका. पण शंकेला उत्तर मिळायला दहा वर्षं लागली. या दहा वर्षांत ते नैरोबी विद्यापीठात शिकवू लागले. १९६८मध्ये हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि तबान लो लियोंग या सहकाऱ्यांसह त्यांनी इंग्रजी विभागच रद्द करून आफ्रिकन साहित्य आणि मौखिक परंपरा केंद्रस्थानी असलेला विभाग उभारावा, असं टिपण मांडलं. जेम्स न्गुगी हे नाव टाकून ते न्गुगी वा थिओंगो झाले. आणि एवढं सगळं करूनही कादंबरी मात्र इंग्रजीतच लिहीत राहिले. विचाराने माणूस बदलतो हे खरं असलं, तरी लेखकाचा हात विचाराने बदलत नाही. त्याला दुसरं काहीतरी लागतं.

ते त्यांना नाटकाने दिलं. मिशेरे गिथाए मुगो यांच्याबरोबर त्यांनी ‘द ट्रायल ऑफ देदान किमाथी’ लिहिलं. किमाथी हे माऊ माऊंचे सेनानी, १९५७मध्ये ब्रिटिशांनी त्यांना फाशी दिलं. १९७६मध्ये नैरोबीच्या राष्ट्रीय नाट्यगृहात प्रयोग लावायचे ठरले तर तारखा मिळेनात. स्वातंत्र्याला तेरा वर्षं झाली तरी नाट्यगृहाचा कारभार गोऱ्या मंडळींच्या हाती होता आणि युरोपीय कार्यक्रमांना अग्रहक्क होता. मोजकेच प्रयोग झाले. पण शेवटच्या गाण्याला प्रेक्षक उठले आणि नटांबरोबर गात नाचत रस्त्यावर आले. तरीही हे नाटक इंग्रजीतच होतं.

त्याच वर्षी कामिरीथूतली एक स्त्री न्गुगींच्या दारात येऊन उभी राहिली. तुम्ही शिकलेले आहात, पुस्तकं लिहिता, मग गावासाठी काही का करत नाही, असा तिचा सरळ सवाल होता. गावात युवक केंद्राची पडीक जागा होती, तिथे काही सुरू करायला मदत करा म्हणाली. न्गुगींनी चालढकल केली. ती पुढच्या रविवारी पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही रविवारी आली. शेवटी ते गेले. इतिहासाने या स्त्रीचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं नाही, पण आफ्रिकन साहित्याला वेगळं वळण देणाऱ्यांत मी तिला फार वरचं स्थान देईन.

सुरुवात प्रौढ साक्षरता वर्गापासून झाली. न्गुगी वा मिरी हे त्या कामातले प्रमुख कार्यकर्ते. अक्षरं गिरवून झालेल्या लोकांना पुढे काय, तर नाटक. दोन्ही न्गुगींनी मिळून एक आराखडा लिहिला आणि गावासमोर ठेवला. मग जे झालं ते कुठल्याही नाट्यशाळेत शिकवलं जात नाही. तालमी उघड्यावर होत्या, कोणीही यावं, बघावं, बोलावं. म्हाताऱ्या माणसांनी लेखकाची भाषा दुरुस्त केली : म्हातारा असं बोलत नाही, त्याच्या तोंडी म्हणी येतात, तो आडवळणाने बोलतो. ज्यांनी आणीबाणीत जंगलात हातांनी बंदुका बनवल्या होत्या त्यांनी नटांना बंदूक कशी धरायची, कशी दडवायची हे दाखवलं. कारखान्यातल्या कामगारांनी आपली मजुरी आणि मालकाचा नफा यांचा हिशेब संवादांत नीट आला पाहिजे असा आग्रह धरला. गाणी, लग्नाचे विधी, नाच यांतली चूक बायका क्षणात पकडत. विद्यापीठात साहित्य विभाग चालवणारा माणूस आपल्याच आईच्या भाषेत विद्यार्थी झाला. न्गुगींनी हे मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे, आणि मला त्यांच्या सगळ्या लेखनातली ती सर्वांत प्रामाणिक पानं वाटतात.

रंगमंचही गावानेच बांधला. कोणी आर्किटेक्ट नव्हता, काड्यापेटीतल्या काड्यांचं प्रारूप करून लोकांनी आखणी केली आणि दोन हजार माणसं बसतील असं खुलं नाट्यगृह श्रमदानाने उभं राहिलं. किमानी गेचाऊ दिग्दर्शक. २ ऑक्टोबर १९७७ रोजी ‘न्गाहिका न्देंदा’ (मला वाटेल तेव्हा लग्न करीन) रंगमंचावर आलं.

गोष्ट साधी आहे. किगुंदा हा शेतमजूर. त्याच्याजवळ दीड एकर जमीन आणि तिचा कागद. आपल्याकडे सातबारा जपून ठेवतात तसा त्याने तो कागद जपला आहे, घरात दिसेल असा लावला आहे. श्रीमंत किओई त्याच्या घरी येतो, भक्तीच्या गोष्टी बोलतो आणि म्हणतो, किगुंदा आणि वांगेची यांचं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही म्हणजे ते पापात राहतात, त्यांनी रीतसर विवाह करावा. त्यासाठी कपडे, केक, समारंभ. पैसे? बँकेचं कर्ज मिळेल, जमीन तारण ठेवा. तिकडे किओईचा मुलगा त्यांच्या मुलीला, गाथोनीला, नादी लावून गरोदर करतो आणि सोडतो. शेवटी जमीन जाते, कारण परदेशी भागीदारीतला कीटकनाशकाचा कारखाना तिथेच व्हायचा असतो.

हे वाचताना महात्मा फुले यांचं १८५५चं ‘तृतीय रत्न’ आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही अडाणी कुणब्याचं जोडपं आहे, धर्माच्या नावाने घातलेली भीती आहे, कर्ज आहे आणि लुबाडणूक आहे. तिथलं जोडपं शेवटी फुले दांपत्याच्या रात्रीच्या शाळेत जायला निघतं. कामिरीथूत रात्रीच्या वर्गातून उठलेली माणसं थेट रंगमंचावर आली. फरकही तितकाच बोलका आहे : फुल्यांच्या नाटकात पाद्री डोळे उघडतो, न्गुगींच्या नाटकात चर्चच सापळ्याचं दार आहे. ज्या धर्माकडे एका देशातला पिचलेला माणूस सुटकेसाठी बघत होता, तोच दुसऱ्या देशात जमिनीच्या लुटीबरोबर आला होता. फुल्यांचं नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारलं आणि त्यांच्या हयातीत ते रंगभूमीवर आलं नाही. कामिरीथूच्या नाटकाला साडेसहा आठवडे मिळाले.

त्या साडेसहा आठवड्यांत आसपासच्या गावांतून लोक गाड्या करून आले. संवाद प्रेक्षकांना पाठ झाले. दुसरी गावं आपल्याकडे असं केंद्र कसं काढायचं हे विचारायला येऊ लागली. १६ नोव्हेंबरला सरकारने प्रयोगाचा परवाना काढून घेतला. इंग्रज सरकारने १८७६चा नाट्यप्रयोगांचा कायदा करून नाटकावर अंकुश ठेवला आणि पुढे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आणली, हे आपल्याला माहीत आहे. परक्यांची राजवट असं करते यात नवल नाही. केनियात स्वकीयांच्या राजवटीने इंग्रजांचीच रीत उचलली, आणि त्यानंतर दीड महिन्यात पोलीस न्गुगींच्या दारात आले.

तुरुंगात त्यांनी ठरवलं की आता कादंबरीही गिकुयूतच. कागद नव्हता, म्हणून शौचालयासाठी मिळणारा कागद वापरला. कैद्यांना त्रास व्हावा म्हणून तो मुद्दाम जाडाभरडा ठेवलेला, आणि त्यामुळेच लिहायला उत्तम. ही कथा जगभर सांगितली जाते. तिच्या आड दडलेली खरी अडचण मात्र क्वचित सांगितली जाते. गिकुयूत कादंबरीची परंपरा अशी नव्हती. छापील गद्याचा मोठा नमुना म्हणजे मिशनऱ्यांचं बायबल. त्या लिपीत ऱ्हस्व दीर्घ स्वरांचा भेद नीट दाखवता येत नव्हता, त्यामुळे आदल्या दिवशी लिहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी वेगळंच वाचलं जाई, काळ बदलून जाई. इंग्रजीत चार कादंबऱ्या लिहिलेला लेखक एकेका परिच्छेदाशी झगडत होता. एकदा झडतीत हस्तलिखित जप्तही झालं. तीन आठवड्यांनी तुरुंगाधिकाऱ्याने ते परत केलं, त्यात त्याला आक्षेपार्ह काही दिसलं नव्हतं. याच काळात घरी मुलगी जन्मली. तिचा फोटो पत्रातून कोठडीत आला, आणि गावाने तिला ‘लोकांची लेक’ अशा अर्थाचं नाव दिल्याचंही कळलं.

‘शाइतानी मुथाराबाइनी’ (इंग्रजीत ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’) १९८०मध्ये हेन्री चकावा या धाडसी प्रकाशकाने छापली. कामिरीथूचा रंगमंच तिच्या पानापानांत आहे. कथा सांगतो तो गिशांदी वाजवत गाणारा पारंपरिक कथेकरी. सहा माणसं एका खटारा मटाटूतून, म्हणजे तिकडच्या वडापमधून, प्रवास करतात आणि आपापली कहाणी सांगतात, गातात, भांडतात. मग इल्मोरोगच्या गुहेत चोर-दरोडेखोरांची स्पर्धा भरते : स्पर्धक सगळे प्रतिष्ठित श्रीमंत, आणि प्रत्येकजण आपण लोकांना कसं लुटलं हे अभिमानाने भाषण करून सांगतो. एकेक भाषण म्हणजे नाट्यप्रवेशच. वास्तववादी कादंबरीच्या मापाने मोजलं तर हे सगळं अतिरंजित आहे, आणि काही इंग्रजी समीक्षकांनी तसं म्हटलंही. पण ही कादंबरी कानांसाठी लिहिलेली आहे. घरोघर एकजण मोठ्याने वाचे आणि बाकीचे ऐकत. दारूच्या गुत्त्यांत वाचणारा मोक्याच्या जागी थांबे, त्याचा पेला पुन्हा भरला गेला की पुढे वाचे. आवृत्ती प्रकाशकाच्या अपेक्षेपेक्षा फार लवकर संपली आणि पुन्हा छापावी लागली. ज्यांच्याविषयी लिहिलं ते वाचू शकत नाहीत, या लीड्समधल्या शंकेचं उत्तर इथे मिळालं.

पुढचा भाग दुःखाचा आहे. अध्यक्ष जोमो केन्याटा १९७८च्या ऑगस्टमध्ये वारले आणि डिसेंबरमध्ये न्गुगी सुटले, पण विद्यापीठाने त्यांना परत घेतलं नाही. १९८२मध्ये ‘माइतू न्जुगिरा’ (आई, माझ्यासाठी गा) या संगीत नाटकाची तयारी झाली. राष्ट्रीय नाट्यगृहाची दारं बंद ठेवली गेली, म्हणून विद्यापीठाच्या सभागृहात तालमी झाल्या आणि त्या तालमींनाच हजारो लोक लोटले. मार्चमध्ये सशस्त्र पोलीस कामिरीथूत गेले आणि लोकांनी बांधलेला रंगमंच त्यांनी पाडून सपाट केला. जूनमध्ये न्गुगी पुस्तक प्रकाशनासाठी लंडनला गेले होते. परत आलात तर अटक होईल असा निरोप तिथेच पोचला. त्यानंतर बावीस वर्षं ते मायदेशात राहू शकले नाहीत. १९८६च्या ‘मतिगारी’ या गिकुयू कादंबरीबद्दल तर असं घडलं की मतिगारी नावाचा कोणी माणूस गावोगाव सत्य आणि न्याय विचारत फिरतो आहे, अशी वदंता सरकारच्या कानी गेली आणि त्याला पकडायचे हुकूम निघाले. तो कादंबरीतलं पात्र आहे असं कळल्यावर १९८७मध्ये पुस्तकंच जप्त झाली.

परदेशात मान पुष्कळ मिळाला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत अध्यापन, शेवटी कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथे प्राध्यापकी. १९७३चा लोटस पुरस्कार मायदेशात असतानाच मिळाला होता. नंतर इटलीचा नोनिनो, कोरियाचा पाक क्योंग-नी, कॅटलोनियाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार, २०२२चा पेन/नाबोकोव्ह. नोबेलसाठी नाव दरवर्षी घेतलं जाई. २०१०मध्ये छायाचित्रकार पहाटेपासून त्यांच्या घराबाहेर थांबले होते. पुरस्कार मारिओ वार्गास योसा यांना गेल्यावर न्गुगी आणि पत्नी न्जीरी यांनी हिरमुसलेल्या त्या मंडळींना घरात बोलावून कॉफी पाजली. मला त्यांच्या पुरस्कारांच्या यादीपेक्षा ही कॉफी जास्त महत्त्वाची वाटते.

२००४मध्ये दोघं केनियात परतले तेव्हा विमानतळावर गर्दी लोटली. अध्यक्षपदी होते तेच किबाकी. दोन आठवड्यांच्या आत सशस्त्र माणसांनी त्यांच्या निवासात घुसून न्गुगींना मारहाण केली, न्जीरी यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. न्जीरींनी हे लपवलं नाही, त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. याच सुमारास ‘मुरोगी वा कागोगो’ ही त्यांची प्रचंड कादंबरी गिकुयूत येऊ लागली. स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद ‘विझार्ड ऑफ द क्रो’ २००६मध्ये आला. अबुरिरिया या कल्पित देशाचा हुकूमशहा स्वर्गापर्यंत मनोरा बांधायला निघतो ही तिची मध्यवर्ती कल्पना. हसू आणि भय एकाच वाक्यात आणण्याची ताकद त्यांना इथे पूर्ण साधली आहे.

न्गुगी वादातीत नाहीत, आणि त्यांना तसं करून ठेवणं हा त्यांच्यावरच अन्याय होईल. अचेबे यांनी इंग्रजीला आपल्या कामासाठी वाकवून घ्यावं अशी भूमिका घेतली, आणि तिचं यशही समोर आहे. केनियात चाळीसहून अधिक भाषा आहेत, त्यांत गिकुयू मोठ्या आणि राजकारणात वरचढ समाजाची, हा आक्षेपही हलका नाही. ‘पेटल्स ऑफ ब्लड’मध्ये पात्रं काही जागी पात्रं राहत नाहीत, भाषण करू लागतात. आणखी एक गोष्ट जड मनाने लिहायला हवी. २०२४मध्ये त्यांचे पुत्र, स्वतः लेखक असलेले मुकोमा वा न्गुगी यांनी वडील आपल्या आईला, म्हणजे न्गुगींच्या पहिल्या पत्नीला, मारहाण करत असत असं जाहीरपणे सांगितलं. ज्याने ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’मधल्या वारिंगासारखी ताठ मानेची नायिका लिहिली, छळ सोसलेल्या आईचं ऋण पानोपानी मानलं, त्याच्याविषयी हे ऐकणं वाचकाला यातना देतं. चरित्र वाचताना हा आवाज बाजूला सारू नये. पुस्तकं मोठी आहेत म्हणून त्या स्त्रीचं दुःख लहान होत नाही.

भारताशी त्यांचं नातं लिमुरूच्या बाजारापासूनचं. पंजाबातून आलेले कामगार नेते माखन सिंग यांनी केनियाच्या स्वातंत्र्याची मागणी जाहीरपणे केली आणि १९५०पासून अकरा वर्षं बंदिवास भोगला. न्गुगींनी त्यांचा वारसा आपला मानला, आणि केनियाच्या लढ्याच्या इतिहासात भारतीयांचं स्थान दाखवून दिलं. दुकानदार एवढीच भारतीयांची ओळख असलेल्या देशात हे लिहिणं सोपं नव्हतं.

‘केंदा मुइयुरु’ हे त्यांचं गिकुयू महाकाव्य ‘द परफेक्ट नाइन’ या नावाने त्यांनीच इंग्रजीत आणलं आणि २०२१मध्ये आंतरराष्ट्रीय बुकरच्या लांब यादीत त्याची निवड झाली. आफ्रिकेतल्या देशी भाषेतून त्या यादीत आलेलं ते पहिलं पुस्तक. लेखक आणि अनुवादक म्हणून एकाच माणसाचं नाव येण्याचीही ती पहिली वेळ. २८ मे २०२५ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पुढच्या पानांत हे आयुष्य कालक्रमाने येईल. त्यांची पुस्तकं मात्र त्या क्रमाने वाचायची गरज नाही. ‘न्गाहिका न्देंदा’ आधी घ्या, आणि एकट्याने मनात वाचण्याऐवजी चार-पाच जणांत किगुंदा, वांगेची, गाथोनी, किओई अशी पात्रं वाटून घेऊन मोठ्याने वाचा. मग ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’ उघडा, त्यातली गुहेतली भाषणंही आवाज चढवून वाचता येतील. त्यानंतर मागे जाऊन ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’. आणि हाताशी लांब सुट्टी असेल तेव्हा ‘विझार्ड ऑफ द क्रो’, कारण ती सातशेच्या वर पानांची आहे आणि घाईत वाचण्यासारखी नाही.